‘तू का खेळतोस?’ : एका प्रश्नावलीचा भाषांतरांतून प्रवास

शाळेच्या मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या दहा मुलांना ‘तू का धावतोस?’ असे विचारले तर दहा वेगवेगळी उत्तरे मिळतात. कोणाला धावताना अंगात भरणारा जोम आवडतो. कोणाला खेळाडू म्हणून दहावीत मिळणारे सवलतीचे गुण हवे असतात. कोणाला सरांचा शब्द मोडवत नाही. एखादी मुलगी म्हणते, ‘ताई धावायची, म्हणून मी पण.’ आज ही दहाही मुले सारखाच घाम गाळत असतील. पण दोन वर्षांनी मैदानावर कोण टिकून असेल याचा काही अंदाज या उत्तरांवरून बांधता येतो, असे क्रीडामानसशास्त्र सांगते.

अंदाज आकड्यांत बांधायचा तर ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर मोजायला हवे. उत्तर शब्दांत येते आणि शब्द कोणत्यातरी एका भाषेचे असतात. ही मोजपट्टी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली की तिच्यावरच्या खुणा जागच्या जागी राहतात का? भाषांतर चांगले झाले म्हणजे हा प्रश्न सुटला, असे बरीच वर्षे समजले जात होते. तो तसा सुटत नाही हे कळायला जो काळ लागला त्याची हकीकत येथे सांगायची आहे.

घड्याळाची साक्ष

गंमत अशी की प्रेरणेची सुरुवातीची मापने भाषेच्या भानगडीत पडलीच नव्हती. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकलपटूंच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारणाऱ्यापेक्षा इतरांबरोबर शर्यतीत उतरलेल्याचा वेग जास्त असतो, असे त्यांना दिसले. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवायला दिले. कधी एकट्याने, कधी जोडीदाराशेजारी. हे काम 1898 मध्ये प्रसिद्ध झाले. क्रीडामानसशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांची सुरुवात तेथूनच होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग 1971 सालचा आहे. एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ‘सोमा’ नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला दुसऱ्या बैठकीत प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला, तिसऱ्या बैठकीत पुन्हा काही नाही. प्रत्येक बैठकीत मध्येच आठ मिनिटे प्रयोगकर्ता काही निमित्ताने खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिकेही ठेवलेली असत. या मोकळ्या वेळात विद्यार्थी आपणहून किती सेकंद कोड्याशी खेळतो, हेच प्रेरणेचे माप. पैसे मिळालेल्या गटाचा हा वेळ तिसऱ्या बैठकीत पहिल्यापेक्षा घटला. पहिल्या प्रयोगातला फरक मोठा नव्हता. पण 1999 मध्ये डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी अशा 128 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिशा तीच निघाली. एखाद्या कामासाठी बक्षीस आधीच कबूल केले, तर त्या कामातला आपसूक रस कमी होऊ शकतो.

या मापनात एकही शब्द नाही, फक्त घड्याळ आहे. तोच प्रयोग पुण्यात, टोकियोत किंवा सोफियात जसाच्या तसा करता येईल. मग खेळाडूंच्या बाबतीत घड्याळ का चालले नाही? कारण खेळाडूला ‘मोकळी आठ मिनिटे’ नसतात. त्याचा सराव प्रशिक्षक ठरवतो, स्पर्धा संघटना ठरवते, आणि तो रोज तलावावर येतो यावरून तो आवडीने येतो की भीतीने, हे कळत नाही. त्यामुळे त्यालाच विचारणे भाग पडले आणि घड्याळाच्या जागी कागद आला.

कागदाची पहिली कामगिरी फारशी शोभादायक नाही. कॅलिफोर्नियातील ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस खेळाडूंसाठी 190 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. व्यावसायिक संघांनी ती उत्साहाने वापरली. प्रश्नावलीच्या सप्रमाणतेचा पुरावा तोकडा आहे, अशी टीका इतर संशोधकांनी केली. खेळाडूची निवड अशा कागदावरून करावी का, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मॉन्ट्रियलची मोजपट्टी

1985 मध्ये डेसी आणि रिचर्ड रायन यांनी आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. त्यांचे म्हणणे असे की ‘आंतरिक’ आणि ‘बाह्य’ असे प्रेरणेचे दोनच कप्पे पुरत नाहीत. बाह्य प्रेरणेतही पायऱ्या आहेत. अगदी तळाशी बक्षीस आणि शिक्षा. त्यावर ‘नाही केले तर मनाला लागेल’ ही टोचणी. तिच्यावर ‘मला हे आवडत नाही, पण त्याचा उपयोग पटला आहे’ ही समजूत. सर्वांत वर, जे पटले ते आपल्या स्वभावाचाच भाग होऊन जाणे. आंतरिक प्रेरणा, म्हणजे निव्वळ करण्यातला आनंद, या शिडीच्याही पलीकडे. आणि शिडीच्या खाली ‘आपण हे का करतो तेच कळेनासे झाले आहे’ ही प्रेरणाहीनता. बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांतील दोन कप्प्यांपेक्षा ही रचना शिक्षकाच्या अनुभवाला जास्त जवळची आहे, असे मला वाटते.

या शिडीवरून मोजपट्टी तयार करण्याचे काम कॅनडात झाले, आणि तेही फ्रेंच भाषेत. ही गोष्ट सहसा विसरली जाते. क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत. कॅनडाने 1969 मध्ये इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा दिला, आणि 1977 मध्ये क्वेबेकने फ्रेंचच्या संरक्षणाचा कडक कायदा केला. अशा वातावरणात मॉन्ट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रॉबेर व्हालेरां यांच्यापुढे रोजची अडचण होती : मानसशास्त्रातील जवळपास सर्व प्रश्नावल्या इंग्रजीत, आणि समोरचे विद्यार्थी फ्रेंच बोलणारे. 1989 मध्ये त्यांनी इंग्रजी प्रश्नावली फ्रेंचमध्ये कशी आणावी याची सात टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. भाषांतर हा त्यातला केवळ पहिला टप्पा. नंतर समितीकडून तपासणी, लहान गटावर चाचणी, दोन्ही भाषा जाणणाऱ्यांकडून दोन्ही प्रती भरून घेऊन तुलना, विश्वसनीयता, रचनेची सप्रमाणता आणि शेवटी त्या समाजासाठी नवी मानके.

खेळाडूंच्या प्रेरणेची प्रश्नावली मात्र व्हालेरां, ब्रिएर, पेलेटिए आणि सहकाऱ्यांनी थेट फ्रेंचमध्येच रचली. तिच्यात 28 विधाने आहेत, सात गटांत प्रत्येकी चार. आंतरिक प्रेरणेचे तीन गट : नवे शिकण्याचा आनंद, काही साधल्याचा आनंद आणि थराराचा आनंद. बाह्य प्रेरणेचे तीन आणि प्रेरणाहीनतेचा एक. वर प्रश्न एकच, ‘तुम्ही तुमचा खेळ का खेळता?’ प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते ते 1 ते 7 च्या पदनिश्चयन श्रेणीवर सांगायचे. 1995 मध्ये ही फ्रेंच मापनी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी पेलेटिए यांच्या नावाने तिचा इंग्रजी अवतारही आला. जग ओळखते तो हा इंग्रजी अवतार. भाषांतरातच पहिला ओरखडा दिसला : विश्वसनीयतेच्या गणितात ‘पटलेल्या’ प्रेरणेचा गट सर्वांत कच्चा निघाला. त्या गटात मैत्री टिकवणे, माणसांची ओळख होणे आणि खेळातून इतरत्र उपयोगी पडणारे काही शिकणे अशा अर्थाची विधाने एकत्र बसवली होती. मैत्रीसाठी खेळणे हे ‘उपयोग पटला म्हणून’ खेळणे आहे का? हा प्रश्न मोजणाऱ्याने विचारायचा राहून गेला असावा. आपल्याकडच्या कबड्डी मंडळातल्या पोराला तो विचारला तर तो बहुधा हसेल.

मापनीचा उपयोग काय झाला, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा सारा खटाटोप निरर्थक वाटेल. पेलेटिए आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील 369 स्पर्धात्मक जलतरणपटूंकडून प्रश्नावली भरून घेतली आणि 10 महिन्यांनी व 22 महिन्यांनी कोण पोहत राहिले ते पाहिले. हे काम 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरिक आणि पटलेली प्रेरणा असणारे टिकले, प्रेरणाहीन असणारे गळाले. मनोरंजक भाग ‘टोचणी’चा आहे. 10 महिन्यांपर्यंत टोचणी मुलांना तलावावर आणत होती. 22 महिन्यांनंतर तिचा प्रभाव उरला नव्हता. जो शिक्षक विद्यार्थ्याला ‘तुझ्यावर शाळेची इज्जत आहे’ असे सांगून पळवतो, त्याने हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पण तो कॅनडातील जलतरणपटूंचा निष्कर्ष आहे. तो येथे लागू होतो का?

उलट भाषांतर आणि ‘ईर्षा’

येथे थोडे मागे जाऊ. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेण्याची शिस्त घालून देण्याचे श्रेय बरेचसे रिचर्ड ब्रिस्लिन यांच्याकडे जाते. त्यांनी ग्वाम विद्यापीठातील दहा भाषांच्या 94 द्विभाषिकांकडून भाषांतरे करून घेतली आणि 1970 मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली. एकाने इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन इंग्रजी प्रती शेजारी ठेवून पाहायच्या. त्यांचा एक सल्ला आजही सोन्यासारखा आहे : मूळ वाक्यच असे लिहा की ते भाषांतराला सोपे जाईल. वाक्य लहान ठेवा, कर्मणी प्रयोग टाळा, सर्वनामाऐवजी नाम पुन्हा लिहा, वाक्प्रचार वापरू नका.

ही पद्धत चुका पकडते, पण सगळ्या नाही. मराठीतच पाहा. ‘प्रेरणा’ हा आपला पारिभाषिक शब्द. पण एखाद्या खेळाडूला ‘तुझी प्रेरणा काय?’ असे विचारा. तो ‘सचिन तेंडुलकर’ किंवा ‘माझी आई’ असे उत्तर देईल. बोलण्यातल्या मराठीत प्रेरणा एखाद्या माणसाकडून मिळते. मानसशास्त्राच्या भाषेत ती वर्तनामागचे कारण असते. उलट भाषांतरात हा दोष दिसणारच नाही, कारण परत नेणारा सुशिक्षित द्विभाषिक ‘प्रेरणा’चा पारिभाषिक इंग्रजी शब्द निमूट लिहून मोकळा होईल.

‘ईर्षा’ हे त्याच्या उलट उदाहरण. शब्दकोशात अर्थ मत्सर, हेवा. पण ‘पोरं ईर्षेनं खेळली’ हे आपल्याकडे कौतुक आहे. ‘जिद्द’ला इंग्रजीत तोलाचा एक शब्द नाही. उलट ‘अपराधी वाटणे’ हे सराव चुकलेल्या मराठी मुलाच्या तोंडी कधी येत नाही. तो ‘चुटपुट लागली’ म्हणेल किंवा ‘सरांना तोंड कसं दाखवू’ म्हणेल. पहिल्यात मनातली बोच आहे, दुसऱ्यात लोकलाज. शिडीवर या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एका प्रबंधाच्या परिशिष्टात ‘स्पर्धेपूर्वी मी उत्तेजित होतो’ असे विधान माझ्या वाचनात आले. आठवी-नववीच्या मुलांनी ते वाचून काय केले असेल याची कल्पना शिक्षक वाचकांना येईल. आणखी एक सापळा. जोन ड्यूडा आणि जॉन निकल्स यांच्या प्रसिद्ध मापनीत खेळाडूची वृत्ती दोन अंगांनी मोजतात : स्वतःची प्रगती पाहणारी, आणि इतरांवर मात करण्यात यश मानणारी. दुसरीच्या इंग्रजी नावातल्या शब्दाचे भाषांतर कोशावरून केले तर ते ‘अहंकार’ होते. मुलाच्या पालकांना ‘अहंकार : जास्त’ असा अहवाल हाती पडला तर काय होईल!

आपल्या प्रांताला या अडचणींचा परिचय नवा नाही. 1930 च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीच्या स्टॅनफर्ड आवृत्तीचे कन्नड आणि मराठी रूप तयार केले; त्यांचे पुस्तक 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. शब्द बदलले की प्रश्नाचा कठीणपणाही बदलतो, त्यामुळे कोणता प्रश्न कोणत्या वयाचा हे येथल्या मुलांवर नव्याने तपासावे लागते. बिने-कामत चाचणी पुढे अनेक दशके वापरात राहिली ती या मेहनतीमुळे. बुद्धीच्या प्रश्नाला निदान बरोबर उत्तर असते. प्रेरणेच्या प्रश्नाला तेही नसते, म्हणून तेथे मोजपट्टी सरकली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

बल्गेरियाचे कोडे

हे किती गंभीर आहे याचे उदाहरण म्हणजे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला बल्गेरियातील अव्वल खेळाडूंचा अभ्यास. शांताल, व्हालेरां आणि सहकाऱ्यांनी याच फ्रेंच-कॅनेडियन कुळातली मापनी बल्गेरियन खेळाडूंना दिली. सिद्धांताप्रमाणे सर्वांत यशस्वी खेळाडूंमध्ये आंतरिक आणि पटलेली प्रेरणा उठून दिसायला हवी होती. निघाले भलतेच. किताब आणि पदके मिळवणाऱ्यांमध्ये बाहेरून लादलेली बाह्य प्रेरणा आणि प्रेरणाहीनता ही दोन्ही इतरांपेक्षा जास्त होती.

संशोधकांनी याचा संबंध पूर्वीच्या कम्युनिस्ट राजवटीतील अतिस्पर्धात्मक क्रीडाव्यवस्थेशी जोडला. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. पण दुसरीही एक शक्यता राहते : बल्गेरियन खेळाडूने ‘लोक मला मान देतात म्हणून’ अशा विधानापुढे 6 लिहिले, तेव्हा त्या 6 चा अर्थ मॉन्ट्रियलच्या 6 इतकाच होता का? संस्कृती वेगळी होती की मोजपट्टी? नुसत्या सरासऱ्या पाहून हे सांगता येत नाही.

हा प्रश्न तापमापकाच्या उदाहरणाने नीट कळतो. सेल्सियस आणि केल्विन या दोन मापनश्रेणी घ्या. सकाळचे 20 आणि दुपारचे 30 अंश सेल्सियस म्हणजे सुमारे 293 आणि 303 केल्विन. दोन्हींत वाढ 10 चीच आहे, कारण एकक समान आहे. पण शून्य वेगळे असल्यामुळे एका गावचे 30 आणि दुसऱ्या गावचे 293 शेजारी ठेवून कोणते गाव जास्त तापले हे ठरवता येत नाही. फॅरनहाइटमध्ये तीच वाढ 68 पासून 86 पर्यंत, म्हणजे 18 ची दिसते. तेथे एककही वेगळे आणि शून्यही वेगळे. आणि एखाद्याने चुकून वायुभारमापक आणला असेल तर तो तापमान मोजतच नाही. म्हणजे तीन प्रश्न क्रमाने विचारायचे : दोन्ही उपकरणे एकच गोष्ट मोजतात का, एकक एकच आहे का, शून्य एकच आहे का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ आली तरच दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करण्याचा अधिकार पोहोचतो. स्वीडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल योरेस्कॉग यांनी अनेक गटांचे घटक विश्लेषण एकाच वेळी करण्याची रीत 1971 मध्ये दिली, त्यामुळे हे तपासणे शक्य झाले. शक्य झाले, पण सवयीचे व्हायला आणखी पंचवीसेक वर्षे गेली. अनुभव असा की पहिली पायरी बहुधा पार होते आणि तिसरी वारंवार अडते.

शून्य कशाने सरकते? भाषेने सरकते, तसेच उत्तर देण्याच्या रीतिरिवाजानेही सरकते. चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी 1995 मध्ये जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिका येथील अकरावीच्या विद्यार्थ्यांची उत्तरे ताडून पाहिली. जपानी व तैवानी मुले श्रेणीच्या मधल्या खुणेकडे, तर अमेरिकन मुले टोकांकडे अधिक झुकत होती. फरक लहान होते आणि त्यांनी त्या अभ्यासातील मुख्य तुलना उलटली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण जेथे दोन गटांतला मूळ फरकच अर्ध्या गुणाचा असतो, तेथे लहान फरकही पुरेसा असतो.

आता अधिक खोलातला प्रश्न. ‘मी निवडले’ ही भावना सगळीकडे सारखीच मोलाची असते का? शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सॅन फ्रान्सिस्कोमधील सात ते नऊ वर्षांची मुले होती, काही युरोपीय वंशाची, काही आशियाई वंशाची. शब्दकोडी कोणती सोडवायची हे काहींनी स्वतः निवडले, काहींच्या वतीने प्रयोगकर्तीने, आणि काहींना सांगण्यात आले की हे तुझ्या आईने निवडले आहे. युरोपीय वंशाच्या मुलांनी स्वतः निवडलेल्या कोड्यांत सर्वाधिक रस घेतला. आशियाई वंशाच्या मुलांचा रस आईने निवडलेल्या कोड्यांत सर्वाधिक होता. विशेष म्हणजे हा रस मोकळ्या वेळातल्या वर्तनावरून मोजला होता, डेसींच्या घड्याळाच्या जातकुळीतल्या मापाने; म्हणून येथे दोष शब्दांवर ढकलता येत नाही.

डेसी-रायन यांचे समर्थक याला उत्तर देतात : आईची निवड मुलाने मनापासून आपली मानली असेल, तर ती ‘पटलेली’च प्रेरणा झाली. उत्तर तर्काला धरून आहे. पण मग प्रश्नावलीत ती तशी मोजली गेली पाहिजे, आणि अडचण नेमकी तेथे आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमवली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले. अशा मल्लाने ‘चांगले खेळलो नाही तर मला वाईट वाटेल’ या विधानापुढे 7 लिहिला असता, तर तो टोचणीचा 7 की बांधिलकीचा 7? तालमीत उस्तादाच्या शब्दाला मान, खुराक, मेहनत, ब्रह्मचर्य हे सगळे एकाच जगण्याचे भाग असतात. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने बनारसच्या आखाड्यांवर 1992 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ते बारकाईने आले आहे. सात गटांच्या मोजपट्टीवर या जगण्यासाठी कप्पा नव्हता.

याचा हिशोबी परिणाम पाहा. अनेक संशोधक सातही गटांचे मिळून एकच ‘स्वयंनिर्णय निर्देशांक’ काढत. आंतरिक प्रेरणेची सरासरी दुप्पट करून मिळवायची, पटलेली एकपट मिळवायची, टोचणी आणि बक्षीस यांची सरासरी वजा करायची, प्रेरणाहीनता दुप्पट करून वजा करायची. समजा, दोन मुलींना आंतरिक 6, पटलेली 5, प्रेरणाहीनता 1 असे सारखेच गुण आहेत. पहिलीला टोचणी 2, बक्षीस 2. दुसरीला टोचणी 6, बक्षीस 4. पहिलीचा निर्देशांक 12 + 5 - 2 - 2 = 13. दुसरीचा 12 + 5 - 5 - 2 = 10. खेळातला आनंद दोघींचा सारखाच आहे. दुसरीने फक्त एवढेच सांगितले की माझ्या सरांना आणि घरच्यांना मला तोंड दाखवायचे आहे. त्याचे तिचे तीन गुण गेले.

दुरुस्त्या

पुढची हकीकत थोडक्यात. 2002 मध्ये मार्टेन्स आणि वेबर यांनी इंग्रजी मापनी अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंवर तपासली, तर रचना नीट जुळेना. भाषा तीच, देश फक्त शेजारचा. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅलेट आणि सहकाऱ्यांनी 24 विधानांची सुधारित आवृत्ती काढली, तीत ‘स्वभावाचाच भाग झालेली’ ही शिडीवरची वरची पायरी आली. मूळ मापनीत ती नव्हती. 2008 मध्ये न्यूझीलंडच्या लॉन्सडेल, हॉज आणि रोझ यांनी नवीच प्रश्नावली रचली. शेवटी 2013 मध्ये पेलेटिए आणि व्हालेरां यांनी डेसी व रायन यांनाच सोबत घेऊन जुनी मापनी मोडून 18 विधानांची दुसरी आवृत्ती केली, सहा गटांत तीन-तीन विधानांची. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या भाषांतरविषयक मार्गदर्शक सूचनांची दुसरी आवृत्ती 2017 मध्ये आली. त्यांचे मुख्य सांगणे व्हालेरां यांनी 1989 मध्ये सांगितलेल्यापेक्षा फार वेगळे नाही, फक्त आता त्यामागे चुकलेल्या तुलनांचा मोठा ढीग आहे.

आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांत परदेशी प्रश्नावली मराठीत आणून ‘ग्रामीण व शहरी खेळाडूंच्या प्रेरणेची तुलना’ करण्याची प्रथा आहे. दोन सरासऱ्या काढतात, ‘टी’ मूल्य काढतात, फरक लक्षणीय म्हणून जाहीर करतात. पुण्याच्या इंग्रजी माध्यमातील मुलगा, धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा मुलगा आणि सातपुड्यातील आश्रमशाळेत शिकणारी, घरी पावरी बोलणारी मुलगी हे तिघे एकच प्रमाण मराठीतला कागद भरतात. तेथे तापमापक किती आहेत? निव्वळ प्रबंधापुरते हे राहिले तर फारसे बिघडत नाही. पण त्याच आकड्यावरून एखाद्या मुलीला ‘प्रेरणा कमी’ म्हणून शिबिरातून वगळले, तर तिने कागदावर काय वाचले हे कोणी विचारणार नाही.

शाळेत करून पाहता येईल असा एक प्रयोग सुचवतो. त्याला फक्त कागद लागतो. क्रीडाशिक्षकाने ‘मी का खेळतो’ याबद्दल चार सोपी इंग्रजी वाक्ये लिहावीत : एक आनंदाचे, एक उपयोगाचे, एक टोचणीचे, एक बक्षिसाचे. मराठीच्या शिक्षकांनी ती मराठीत आणावीत. इंग्रजीच्या शिक्षकांनी मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावीत. मग मराठी वाक्ये नववीच्या सहा-सात खेळाडूंना, एकेकट्याने, मोठ्याने वाचायला द्यावीत आणि ‘हेच तुझ्या घरच्या बोलीत धाकट्या भावाला सांग’ असे म्हणावे. मुले जे बोलतील ते शब्दशः उतरवून घ्यावे, दुरुस्त करू नये. हेच पाचवीच्या मुलांबरोबर करावे आणि त्यांची वाक्ये वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावीत. टोचणीच्या वाक्याचा कागद सर्वांत आधी पाहावा.